कोपराचं माप

आबा, विसरला असाल म्हणून आधीच सांगते, मी तुमची मुलगी. थोरल्याच्या पाठची. भाड्यानं दिलेल्या सायकलींचे नंबर तुम्हाला झोपेत विचारले तरी सांगता यायचे, पण पाव्हण्यांसमोर मला हाक मारायची झाली की आधी आत्याचं नाव, मग म्हशीचं, आणि मग माझं. आता तुम्हाला जाऊनच चाळीस वर्षं झाली, तेव्हा त्याचं काही मनाला लावून घेत नाही. मी सांगतेय आणि नात लिहितेय. मला का लिहिता येत नाही ते पुढं येईलच.

परवाच्या पौर्णिमेला मी कोल्हापुरातून नृसिंहवाडीला जाऊन आले, सायकलनं. नात तिच्या सायकलवर मागं होती, पण माझं पायडल मीच मारलं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. येताना सायकल टेम्पोत घातली, खोटं कशाला बोलू. ही सायकल तुम्ही दुकानाच्या पायरीवर चढू दिली नसती. नातीनं उद्यमनगरातल्या एका कारखान्यात जोडून घेतलीय. आरामखुर्चीला पुढं-मागं चाक लावावं तशी आहे. पाठ टेकून बसायचं, पाय पुढं लांब करायचे आणि आभाळ बघत जायचं. माझी कंबर साध्या सीटवर बसू देत नाही, म्हणून ही. पहिल्या दिवशी दुधाच्या गाडीवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, “आज्जी, पलंग घेऊन कुठं निघालाय?” मी म्हटलं, “तुझ्या सासरला, पावणं. येतोस काय मागनं?”

शिकायला दिवाळीपासून लागले. आधी मी हँडल असं आवळायची, जसं म्हशीचं दावं. मान दुखायची, मुंग्या खांद्यापर्यंत चढायच्या. नात म्हणायची, “हात सोड ढिले. खांदं पाड. जोर पाठीनं लाव, पाठ हाय की टेकलेली.” चढ आला की उभं राहून रेटता येत नाही या सायकलवर, गिअर हलका करून पाय भरभर फिरवत बसायचं. ते जमलं. पायाची बोटं बधिर व्हायची, तर पाऊल पायडलवर जरा पुढं सरकवून ठेवायला शिकले. पण गुडघे काही ऐकेनात. दोनदा रुकडीपर्यंत जाऊन परत फिरलो. दुसऱ्यांदा मी रस्त्याकडेला बसून रडले, आणि नातीला सांगितलं की डोळ्यात किडा गेलाय.

चूक तुमची होती, आबा. म्हणजे माझी, पण शिकवलेली तुम्ही. दुकानात सीट बसवून देताना तुमचं एकच माप असायचं. कोपर सीटच्या टोकाला लावायचं, बोटं हँडलला पोचली की झालं. या सायकलला पायडल पुढच्या नळीवर असतात आणि ती नळी पुढं-मागं सरकते. नात पाय मोजायला आली तर मी तिला हात लावू दिला नाही. “माझा बाप सायकलवाला होता, मला शिकवू नकोस,” म्हटलं, सीटला कोपर लावलं, आणि बोटांना लागतील एवढे पायडल मागं ओढून घेतले. चार महिने गुडघे पोटाशी घेऊन सायकल मारली. शेवटी पोरीनं पाना घेतला. “आज्जी, हे हाताचं माप हाय. हितं काम पायाचं हाय.” नळी चार बोटं पुढं गेली, पाय सरळ झाला, आठ दिवसांत दुखणं गेलं. पाय मोजायचं मला सुचलं कसं नाही? सुचणार कुठून? माझा पाय त्या दुकानात कुणी मोजलाच नव्हता.

तुमचं दुकान सांगली रस्त्याला, शाळा गावात, दोन मैलांवर. आई मला शाळेत घालायचं म्हणाली तेव्हा तुम्ही चेन पुसत होता. “येवढं लांब पोर चालत कशी जाईल?” म्हणालात, मान वर न करता. तुमच्या मागं भिंतीला अठरा सायकली टेकलेल्या. थोरला रोज तुमच्या पुढच्या दांडीवर बसून शाळेत गेला. मी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायला शिकले. अक्षर नाही, पण पंक्चर मला लांबून कळायचं.

अकरा वर्षांची असताना एकदाच, एका गिऱ्हाइकाची सायकल दांडीखालून पाय घालून नाक्यापर्यंत नेली. आठवतंय का? तुम्ही मारलं नाहीत. चार माणसांसमोर एवढंच म्हणालात, “सायकल पुसायची, चढायची न्हाय.” आणि फडकं घेऊन सीट पुसलीत. मी सीटवर बसलेच नव्हते, आबा. तिथवर माझी उंचीच नव्हती. तरी तुम्ही पुसलीत, आणि गिऱ्हाईक हसलं.

दर पौर्णिमेला तुम्ही थोरल्याला घेऊन वाडीला जायचात. मी दारात उभी असते, दांडीला टॉवेल गुंडाळून तो बसतो, दोघं वळणावर दिसेनासे होतात. येताना कवठाची बर्फी. थोरला अर्धी वडी चावून कंटाळायचा, ती अर्धी माझी. त्या वाटेवरच्या एकेका गावाचं नाव मी त्या उष्ट्या वडीबरोबर ऐकलंय. परवा तीच गावं माझ्या पायाखालनं गेली. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ. तासातासानं उतरायचं, चार पावलं चालायचं, पुन्हा बसायचं. घाटाच्या पायऱ्यांवर बसले तेव्हा काहीच दुखत नव्हतं. तुम्हाला सांगते, जमतं. येवढं काही लांब नाही.

बर्फीचा अख्खा पुडा घेतला होता, नदीसमोर बसून एकटीनं संपवायचा म्हणून. एक वडी खाल्ली आणि पुडा बांधून ठेवला. आणि एक सांगते. निघताना अजून मी सीटला कोपर लावून बघते. माप चुकीचं आहे हे ठाऊक असून लावते.

हे पत्र कुठं जायचं नाही, डब्यात राहील. आता पितृपंधरवडा लागलाय. तुमचा म्हाळ थोरल्याच्या घरी असतो, मुलीच्या हातचं पान तुम्हाला चालत नाही. तरी नातीला सांगून ठेवलंय. कावळ्याच्या पानासाठी तिकडं खीर-वडे काही न्यायचे नाहीत, ते त्यांचे ते करतील. पुड्यातली एक वडी न्यायची, तीही मोडून अर्धी. दुसरी अर्धी माझ्यासाठी ठेवायची.