नानांची फरफटलेली पावलं

रविवार, संध्याकाळ. सावदा.

नानांच्या, माझ्या वडिलांच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. जळगावच्या डॉक्टरांनी बोटाएवढी चीर देऊन सांधा बदलला आणि दुसऱ्याच दिवशी चालवलं. आज ते पहिल्यांदाच एकटे केळीच्या बागेत गेले. मी मागून चहा घेऊन निघाले.

केळीत चार हातांवरचा माणूस दिसत नाही. लहानपणी आई डबा देऊन पाठवायची, तेव्हा मी ओल्या मातीतली पावलं बघत जायचे. उजवं खोल, डावं फरफटलेलं, म्हणजे नाना. कधीच चुकले नाही.

आजही तेच फरफटलेलं पाऊल शोधत हिंडले. सगळी पावलं सरळ, कोणत्याही मजुराची असावीत तशी. चहा निवला. शेवटी हाक मारली.

"काय धुंडते वं? इथंच तर आहे मी," नाना मागून हसले. ताठ उभे!

मला आनंद झाला, खरंच झाला. त्यांना इतकी वर्षं दुखलं, आणि मला त्या पावलासाठी रडू यावं? काय म्हणावं मला?

परतताना नाना भराभर पुढे चालले. त्यांचं लक्ष नाही असं पाहून मी माझा डावा पाय थोडा फरफटवला. फरफट ऐकून नाना थबकले.

"तुझाही खुबा धरला का वं?"