गोडाऊनच्या मुळाशी

दापोडे, भिवंडी
मे २००६

ती. दाजी,

चांगदेवाचा नमस्कार पोचावा. माझ्या आक्काचे गुडघे कसे आहेत? गणेशपुरीच्या गरम कुंडात तिला बसवता ना? माझी तब्येत ठीक, इज्जत तेवढी अंथरुणाला खिळली आहे.

आमच्या मनोजने ओढ्याकडच्या शेतात गोडाऊन बांधलं. (शेत माझं, बाप म्हणून मला कळवण्यात आलं.) पेंटरने पाटीवर इंग्रजीत 'गो' आणि 'डाऊन' वेगळे रंगवले. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेला. म्हटलं, हा एकच शब्द, जोडून लिही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, गो म्हणजे जा, डाऊन म्हणजे खाली. माल खाली उतरतो. चुकलं काय?"

चूक सिद्ध करायची म्हणून भर उन्हात ठाण्याच्या वाचनालयात जाऊन कोश उपसले. तर हा जोडशब्द नुसता दिसतो, आहे कुठे! इंग्रजांनी तो मलायी 'गुदांग'वरून उचलला, आणि त्याच्याही मागे काही कोशकार तेलुगू-तमिळकडे बोट दाखवतात. म्हणजे शब्द बहुधा आपल्याच बाजूचा, परदेशी जाऊन टाय लावून आलेला. आनंदाच्या भरात मी भिवंडीऐवजी नाशिकच्या गाडीत बसलो. (कंडक्टरने पडघ्याला उतरवलं, दोन शिव्यांसकट.)

उद्घाटनाला माइक धरून मी हे सगळं सांगायला लागलो. मलायापर्यंत पोचतो तोच मनोजने माइक काढून घेतला. "बाबा, शब्द कुठून आला त्याचं कोण भाडं देत न्हाय." लोक हसले. गोडाऊन भाड्याने घेणाऱ्या कंपनीचे साहेबही हसले. त्यांना मराठी येत नव्हती.

घरी कमळा (तुमच्यासमोर तोंडही न उघडणारी माझी बायको) म्हणाली, "शब्दासाठी ठाण्याला गेलात. पोरगा महिनाभर घरी जेवत न्हाय, त्याला कधी विचारलंत?" हे कुठल्या कोशात बघू?

दुसऱ्या दिवशी पाटी बघायला गेलो, तर वॉचमनने फाटकातच अडवलं. "चाचा, पास दिखाओ." ज्या चिखलात मी भात लावला तिथे आता पास! म्हटलं, मालिक का बाप हूँ. म्हणाला, "सब यही बोलते हैं." मी परत फिरलो.

आक्काला हे वाचून दाखवू नका. ती मनोजला फोन करील, आणि तो तिचंही ऐकणार नाही.

तुमचा,
चांगदेव

ता.क. डोंगराकडच्या तुकड्यातला तांदूळ पाऊस लागायच्या आत तुमच्या माळ्यावर ठेवता येईल का? इथे गावभर गोडाऊनं आहेत, पण आमच्या चार पोत्यांना जागा नाही.

पुन्हा ता.क. मनोजने राहतं घर ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने दिलं आहे. पोत्यांबरोबर कमळा आणि मीही येऊ. आम्हांला माळा नको, ओटी चालेल.