वगळलेला तक्ता

प्रिय भीमराज,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, अशी भीती होती. फोन करता आला असता. पण तुझा आवाज ऐकला की मी सावरून बोलायला लागते, आणि आज मला सावरायचं नाही.

उसाच्या चिपाडाचा कोळसा, लोखंडाचं ऑक्साईड आणि चिकणमाती मळून आपण पाणी शुद्ध करायच्या त्या काळ्या गोळ्या केल्या, तेव्हा प्रयोगशाळेतल्या पाण्याचा रंग पंधरा मिनिटांत गेला होता. तू मात्र नेवाशाजवळच्या तुमच्या गावाहून एसटीने विहिरीचं पाणी कॅनमधून आणलंस, मळीच्या सांडपाण्याने लालसर झालेलं. त्याचाही रंग गेला. पण विरघळलेली घाण निम्म्याहून जास्त तशीच राहिली, आणि तिसऱ्या वापराला तर गोळ्या निकामी झाल्या. या आकड्यांचाच तक्ता आधी छापू, असं तू म्हणालास. आपल्या मार्गदर्शक सरांना तो नको होता, माझा प्रबंध अडला असता. पुढच्या लेखात घेऊ, असं मी म्हणाले. तक्ता वगळून लेख छापला, आणि तो पुढचा लेख मी कधी लिहिलाच नाही. तू काम सोडून बडोद्याला गेलास. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, नगरच्या सावेडीत फ्लॅट झाला.

मागच्या वर्षी तुमच्या ग्रामपंचायतीने माझ्या लेखाच्या भरवशावर विहिरीजवळ त्याच गोळ्यांची टाकी बसवली आणि उद्घाटनाला मलाच बोलावलं. तोंडाशी आलेलं गिळून मी फीत कापली. सत्काराचा नारळ तुझ्या आईच्या हातून मिळाला. "माज्या भीमाच्या बरुबर शिकलेली हाय," असं काकू सगळ्यांना सांगत होत्या.

जानेवारीत मला राहवेना, म्हणून जाऊन नमुने घेतले. घाण जवळजवळ होती तेवढीच होती. पूर्वी पाणी लाल दिसायचं, म्हणून लोक टँकरची वाट बघायचे. आता ते नितळ दिसत होतं, म्हणून टँकर बंद झाला होता आणि घराघरांत तेच पाणी पीत होते. मी ग्रामसभेत उभी राहिले. सरपंच वैजनाथ यांनी एकच विचारलं, "मॅडम, हे तुमाला तवाच ठावं हुतं का?" मी हो म्हणाले. कुणी आवाज चढवला नाही. बायका तेवढ्या एकेक करत उठून गेल्या. आता टाकी बंद आहे, टँकर पुन्हा येतो. लेख मागे घ्यावा म्हणून मी नियतकालिकाला कळवलंय. सोबत तुझा तक्ता जोडलाय, तुझ्या नावासकट.

पण हे पत्र त्यासाठी नाही. रविवारी तू फोन करतोस तेव्हा काकू गावाकडे नसतात, भीमराज. तीन आठवड्यांपासून त्या माझ्याकडे आहेत. जुलाब थांबेनात, म्हणून मी त्यांना नगरला आणलं. सहा दिवस दवाखान्यात होत्या. त्याचं कारण पाणीच, असं डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत. मला मात्र त्यांच्याकडून ते ऐकायची गरज उरलेली नाही. तुला कळवायचं नाही, अशी शपथ त्यांनी घातली होती, ती आज मोडते आहे. आता त्या भाकरी खातात, जिना चढतात, पण संध्याकाळी तुझं नाव काढतात आणि दाराकडे बघत बसतात. काल मी विचारलं, पाण्याला वास येत होता तरी का प्यायलात? म्हणाल्या, "तू केलंय म्हनून." शनिवारी ये. दार मीच उघडेन. तुला जे बोलायचं असेल ते उंबऱ्यातच बोल, मग आत आईकडे जा.

तुझी अपराधी मैत्रीण,
माधुरी