सुमनसाठी जुनं सुती

१६ जाने.
सुमनला दवाखान्यातून घरी आणलं. अंगाची कातडी सुटतेच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलम लावा आणि अंगाखाली जुनं, मऊ सुती कापड. दुसरं काही टेकवू नका. घरची चादर बदलताना ती पाठीला चिकटली, सोबत साल निघाली. सुमन ओरडली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी मेल्यासारखा उभा.

१७ जाने.
कपाट उपसलं. सुती एक नाही. सगळ्या आहेरातल्या सिंथेटिक साड्या. जुनी लुगडी कुठे, विचारलं. "भांडेवालीले देल्ली न दिवाळीत. तो डबा नाई का, तुमचा चिवड्याचा?" हसू आलं तिला. हसताना ओठ फाटला.

१९ जाने.
गल्लीत घरोघर मागितलं. लोक चांगले, गठ्ठे दिले. "प्युअर कॉटन हाय, भाऊ!" दोरा ओढून काडी लावली की कळतं. सूत असेल तर राख, कागद जळाल्याचा वास. हे सगळं वितळलं, काळ्या गोळ्या झाल्या. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगांत असतो मी, नाकातोंडात कापूस. आणि सगळ्या हिंगणघाटात बायकोच्या पाठीखाली घालायला सुती चिंधी मिळू नये! डोकं फिरतं.

२० जाने.
समोरचे बापूराव स्वतःचं धोतर घेऊन आले. धुतलेलं, घडी केलेलं, सायीसारखं मऊ. स्वतः नातवाच्या बर्म्युड्यात. "हासू नोको बे. तिले दे." सुमन दुपारभर झोपली. कित्येक दिवसांनी.

२४ जाने.
रोज उकळून धुतो. धोतर विरलं, आज धुताना धागे धागे झाले. बापूरावांकडे दुसरं नाही.
मांजरपाट आणला. खळ जावी म्हणून सोड्यात उकळला, दगडावर आपटला. तरी करकरीतच. नवं सूत कितीही धुवा, अंगावर झिजल्याशिवाय मऊ पडत नाही.

२७ जाने.
मग मीच झिजवतो. घरी लुंगी, कामावर शर्टाच्या आत गुंडाळलेला, झोपताना अंगाखाली. जिनिंगमधले विचारतात, काऊन एवढा फुगला? एक तुकडा बापूराव वापरतात. म्हणाले, "कपड्याले वर्षभर तरी लागते गा..." मग घाईघाईनं तुकडा कमरेला आवळायला लागले.

३१ जाने.
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, मुलीला बोलावून घ्या. फोन केला. पुण्याहून निघतेय.
संध्याकाळी मांजरपाट सुमनच्या गालाला लावून पाहिला. डोळे मिटून घेतले तिनं.
"टोचते अजून."
मी तो बाजूला घेतला.
"अजून थोडे दिवस नेसा जी. होईन मऊ."
परत अंगाला गुंडाळला.