अकराव्या पानाची शेवटची ओळ

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, वय अडुसष्ट, व्यवसाय व्हायोलिनवादन आणि शिकवण्या, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी तसा दाखला दिला नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी शेजारच्या खोलीतून दर दहा मिनिटांनी "झालं का?" असं विचारते, त्याला मी दबाव धरत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. जिथे खोडाखोड आहे तिथे बाजूला माझी सही आहे.

कलम १. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि घरातलं सगळं सामान पत्नीला द्यावं. तिने एकोणतीस वर्षं रोज सकाळी माझ्याकडून एकच ओळ ऐकली आहे. त्या मानाने हे काहीच नाही.

कलम २. शिकवणीच्या खोलीतली तीन लहान व्हायोलिनं, दोन स्टँड आणि गजाला लावायच्या राळेच्या डब्या जवळच्या शाळेला द्याव्यात. सर्वांत लहान व्हायोलिन किंचाळतं. तो व्हायोलिनचा दोष आहे, मुलांना रागावू नये.

कलम ३. माझे साडू, म्हणजे धाकट्या मेव्हणीचे यजमान, यांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. रुमालसुद्धा नाही. वकिलांनी सांगितलं की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही घेता येत नाही. हे ऐकल्याबरोबर मी साडूंना दुसरा साक्षीदार नेमलं. त्यांना वाटलं, मी मान दिला. लगेच इस्त्रीच्या दुकानात शर्ट टाकून आले.

कारण नमूद करणं माझं कर्तव्य आहे.

आमच्याकडे दरवर्षी एकाच संगीतकाराचा महोत्सव होतो. सात संध्याकाळी, फक्त त्याच्याच रचना. वाद्यवृंदात आम्ही सगळे त्याला म्हातारा म्हणतो. खरं तर तो गेला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता आणि मीच त्याच्याहून सत्तावीस वर्षांनी म्हातारा आहे. शेवटच्या संध्याकाळी त्याची सर्वांत लाडकी रचना होते. तिच्या संथ भागात, पहिल्या व्हायोलिनांच्या, म्हणजे मुख्य सूर वाजवणाऱ्या आम्हा चौदा जणांच्या, अकराव्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे. जेमतेम आठ सेकंदांची. त्या आठ सेकंदांसाठी लोक वर्षभर तिकिटांकडे डोळे लावून बसतात.

वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवाल्यांत सुरांचे कागद ठेवायचा एक स्टँड असतो. श्रोत्यांच्या बाजूला बसतो तो बाहेरचा, दुसरा आतला. पान उलटायचं काम आतल्याचं. पानाची शेवटची ओळ आली की आतल्याने वाजवणं थांबवायचं, व्हायोलिन खाली घ्यायचं, पानाचा कोपरा धरायचा. बाहेरचा वाजवत राहतो. एकोणतीस वर्षांपूर्वी निवड झाली तेव्हा साडूंना माझ्यापेक्षा अर्धा गुण जास्त मिळाला. अर्धा! एवढ्यावरून ते बाहेरचे झाले आणि मी आतला. त्यानंतर एकोणतीस महोत्सव झाले. एकोणतीस वेळा ती ओळ आली आणि एकोणतीस वेळा माझ्या हातात कागद होता.

म्हणून मी ती घरी वाजवत आलो. रोज सकाळी, चहाच्या आधी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा पत्नीला काळजीने विचारलं होतं, "यांना याच्या पुढचं येत नाही का हो?"

वर्तमानपत्रातले समीक्षक दरवर्षी त्या ओळीबद्दल लिहितात. 'इथे रचनाकार जणू अर्ध्या वादकांना श्वास रोखून धरायला लावतो', 'इथे सूर एकाएकी कोवळा होतो', असं बरंच काही. मी ते वाचायचो आणि मला साडूंचा उजवा हात डोळ्यांसमोर यायचा. माझ्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी पोटाच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

साडूंच्या डोक्यावर अजून सगळे केस आहेत, हेही नोंदवून ठेवतो.

कलम ४. महोत्सवाच्या कात्रणांची फाइल. दरवर्षी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि दरवर्षी त्यात साडू पूर्ण असतात. माझा फक्त कोपर असतो. ही फाइल त्या वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराला भेट द्यावी आणि कॅमेरा वीतभर सरकवला असता तर काय बिघडलं असतं, असं माझ्या वतीने विचारावं.

कलम ५. माझं व्हायोलिन, त्याचा गज आणि त्याची पेटी मुलीला द्यावी, पण एका अटीवर. तिने आयुष्यात कधीही आतल्या खुर्चीवर बसू नये. बाहेरची मिळाली तर वाजवावं, नाहीतर घरी बसावं. अट मोडल्यास व्हायोलिन शाळेला जाईल.

(कलम ५ रद्द. बाजूला सही केली आहे. रद्द असलं तरी वाचावं, कारण मी ते महोत्सवाच्या आधी लिहिलं होतं आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं.)

कलम ६. या वर्षी डॉक्टरांनी मला वाजवायला मनाई केली. माझ्या खुर्चीवर मुलगी बसली. मला विचारायला आली तेव्हा मी कलम ५ दाखवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, या वर्षी पान उलटायचंच नाहीये. समितीने सगळ्यांना टॅब दिलेत. पायाने दाबलं की पुढचं पान येतं."

"म्हणजे ती ओळ तू वाजवणार?"

"हो ना. आम्ही चौदाही जण."

मी तिला आशीर्वाद दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. पोटच्या मुलीचा मत्सर वाटतो हे कागदावर लिहायला लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये असं वकील म्हणाले. मला तिचा मत्सर वाटला. जे मला एकोणतीस वर्षांत मिळालं नाही ते तिला पहिल्याच संध्याकाळी, पायाने, मिळणार होतं.

शेवटच्या संध्याकाळी मी पाचव्या रांगेत बसलो. शेजारी पत्नी होती. समोरून वाद्यवृंद ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ. संथ भाग सुरू झाला. अकरावं पान मला पाठ आहे, ओळ कधी येणार हे मला बरोबर कळत होतं, आणि सवयीने माझा डावा हात मांडीवरून उचलला गेला.

ओळ आली. चौदा व्हायोलिनं वाजली. सगळे सूर जागच्या जागी होते, माझ्या मुलीचेही. आणि ती ओळ जाड झाली. साधी, पोटभर जेवलेल्या माणसासारखी. सभागृहात लोक खुर्च्यांत हलले. मागे कोणीतरी खोकलं. त्या ओळीला आजवर कोणी खोकलं नव्हतं.

पत्नी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, काहीतरी राहिलं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राहिलं काहीच नव्हतं, उलट जास्त झालं होतं. इतकी वर्षं त्या ठिकाणी चौदांपैकी सात जण पान उलटत होते. म्हाताऱ्याने कोणालाही श्वास रोखायला लावलेला नव्हता. तो कोवळेपणा, ज्यावर समीक्षकांनी रकाने भरले, तो आम्हा सात आतल्यांचा होता. त्यातला सातवा हिस्सा माझा. मी तो एकोणतीस वर्षं सांभाळला आणि त्याचंच श्रेय दुसऱ्याला जातं म्हणून जळत राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर साडू व्हायोलिन हातात घेऊनच खाली आले. चेहरा उतरला होता. "साडूभाऊ," ते म्हणाले, "आज मला माझं वाजवणं ऐकूच आलं नाही. मला वाटायचं त्या ओळीला माझा हात विशेष लागतो. तो काही लागत नव्हता हो. तुम्ही थांबायचात."

मी वाकून खुर्चीखाली चपला शोधू लागलो. बोललो असतो तर रडलो असतो, आणि साडूंसमोर रडायचं नाही हे मी लग्नातच ठरवलं आहे.

कलम ७. माझं व्हायोलिन, गज आणि पेटी मुलीला बिनशर्त द्यावी. तिने कुठल्याही खुर्चीवर बसावं.

कलम ८. कलम ३ रद्द. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या महोत्सवात ती रचना कागदावरून वाजवावी. आतल्या खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे पान उलटावं, फक्त माझ्या स्टँडवर उलटं व्हावं. तिथे व्हायोलिन साडूंनी खाली घ्यावं, पान त्यांनी उलटावं, आणि ओळ माझ्या मुलीने वाजवावी. ती आठ सेकंदांची शांतता मी साडूंना देत आहे. माझ्याकडे तीच एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही. सोबत अकराव्या पानाचा मूळ कागद द्यावा, ज्याचा उजवा कोपरा माझ्या बोटांनी काळा झाला आहे. याने आमचा हिशेब मिटला असं कोणी समजू नये. केसांचं राहिलंच आहे.

हे बंधनकारक होत नाही असं वकील म्हणतात. म्हणून आज सकाळी साडू साक्षीदाराची सही करायला आले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि कलम ८ वाचून दाखवलं. बिचारे नवा इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःचं पेन घेऊन आले होते. पहिल्या साक्षीदाराच्या खाली स्वतःचं नाव लिहूनही झालं होतं, फक्त सही बाकी होती.

"अहो, पण मी बाहेरचा," ते म्हणाले. "पान आतला उलटतो."

"म्हणून तर मृत्युपत्रात लिहावं लागतंय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. आतल्या खोलीतून पत्नीने विचारलं, "झालं का?" मग साडूंनी हळूच विचारलं, "व्हायोलिन नेमकं केव्हा खाली घ्यायचं?"

त्यांना खरोखर माहीत नव्हतं. मी स्टँड ओढला, कागद लावले, शाळेला द्यायचं ते किंचाळणारं व्हायोलिन त्यांच्या हातात दिलं. मी गुणगुणत राहिलो. ओळ आली, त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं, कोपरा धरला आणि दोन पानं एकदम उलटली.

दुसऱ्या वेळीही दोन उलटली. तिसऱ्या वेळी स्टँड पडला. एकोणतीस वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. ते उद्या सकाळी चहाच्या आधी पुन्हा येणार आहेत.

वरील सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे.

सही: मृत्युपत्र करणारा, आतल्या खुर्चीवरचा

साक्षीदार पहिले: हृदयाचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरे: माझे साडू. नाव खोडलं आहे, बाजूला माझी सही आहे. कारण: या मृत्युपत्राने त्यांना लाभ होतो.

त्यांच्या जागी: वाद्यवृंदाचे कागद सांभाळणारे, ज्यांना आम्ही कपाटवाले म्हणतो. सही केली.

ठिकाण: राहतं घर, शिकवणीची खोली. दिनांक: महोत्सव संपल्यानंतरचा अकरावा दिवस.