माउंट पिस्गा अकादमीची वाचनपरीक्षा

१४ ऑगस्ट, सकाळ
सरकारी शाळेची पिवळी बस आज पुन्हा नेमकी आमच्या प्रार्थनेच्या वेळी फाटकासमोर थांबली. ब्रेकने असा आर्तनाद केला की माझं 'आमेन' कुणालाच ऐकू गेलं नाही. वर ड्रायव्हरबाईने हात हलवला. माउंट पिस्गा अकादमीचा (पत्ता : आमचं स्वयंपाकघर) प्राचार्य या नात्याने तीव्र निषेध नोंदवतो.

संकल्प : यंदा धाकट्या लेकीचं, टर्झाचं वाचन मी स्वतः घेणार. थोरली केझाया तिला मांडीवर घेऊन गोष्टींतून शिकवते. विद्या अशी गुळात घोळून द्यायची नसते. केझायाला या विषयातून मुक्त केलं. ती फक्त "हो, सर" म्हणाली. याला म्हणतात शिस्त.

२ सप्टेंबर
वाचन उद्यापासून. गारांनी अर्ध्या जिल्ह्याची छपरं फोडली. ती दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्याला मी काय करणार? टर्झाला ट्रकमध्ये सोबत नेतो, वाटेत स्तोत्रं म्हणवून घेतो. पाठांतर हाच पाया.

२१ सप्टेंबर
वाचनाचा तास रद्द. राज्याच्या राजधानीत, जेफरसन सिटीला, घरीच मुलं शिकवणाऱ्या बापांची सभा. आमच्यावर देखरेख ठेवू पाहणाऱ्या सरकारला मी ठणकावलं : आमच्या मुलांना काय येतं ते आम्हाला ठाऊक आहे, विचारणारे तुम्ही कोण? प्रचंड टाळ्या.

९ ऑक्टोबर
टर्झाचं वाचन कुठवर आलं, असं बायको लॅव्हॉनने विचारलं. पुष्कळ पुढे, म्हटलं. स्टाफने प्राचार्यांना प्रश्न विचारणं ही अधोगतीची सुरुवात. गुडघा दुखतो, वाचन सोमवारपासून.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला लॅव्हॉनची बहीण येणार. रोबर्टा. सरकारी शाळेत पहिलीची मास्तरीण. गेल्या वर्षी चारचौघांत म्हणाली, "हार्लन, पोरींना कधी माणसांत सोडतोस, की कोंबड्यांसारखं खुराड्यातच?" यंदा उत्तर मिळेल. सणाच्या जेवणात टर्की कापण्याआधी टर्झा सर्वांसमोर बायबलमधलं शंभरावं स्तोत्र वाचेल.

थँक्सगिव्हिंग, दुपार
विजय! टर्झाने बायबल हातात धरून एका दमात वाचलं. बोट ओळींवरून फिरत होतं. रोबर्टा मात्र पानाकडे टक लावून बसलेली. मत्सराला औषध नाही.

संध्याकाळ
भांडी विसळताना रोबर्टा हळूच म्हणाली, "हार्लन, पान स्तोत्रांचं नव्हतंच, बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचं उघडं होतं."

नजरेचा दोष असेल, चष्मा करू, म्हटलं.

"कर चष्मा. पण आधी तिच्यापुढे दुसरं काहीतरी ठेवून बघ."

सरकारी पगाराने माणसाची श्रद्धा जाते ती अशी.

शुक्रवार, सकाळ
फडताळातला डबा टर्झापुढे ठेवला. "पीच," ती म्हणाली. बरोबर. मग दिसलं, डब्यावर पीचचं चित्र आहे. चित्र नसलेला डबा ठेवला. तिने ओळीवर बोट ठेवलं, बराच वेळ पाहिलं.

"सर, हे आपण ट्रकमध्ये अजून म्हटलं नाहीये."

शुक्रवार, दुपार
केझायाला विषय परत देऊ केला. ती म्हणाली, जानेवारीपासून ती गावातल्या बेकरीत कामाला लागतेय. आईला माहीत आहे. आईला बरंच काही माहीत असतं.

सोमवार
बस थांबली. ड्रायव्हरबाईने हात हलवला. टर्झानेही खिडकीतून हात हलवला. निषेध नोंदवला नाही.

टर्झा नऊ वर्षांची आहे. तिला वाटतं, वाचणं म्हणजे हेच पाठ म्हणणं. खरं वाचन कसं शिकवायचं, मला येत नाही. ज्यांना येतं, त्यांच्यापैकी एकाशीही मी धड बोललेलो नाही.