भोचक पळाला नव्हता

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठावन्न, अविवाहित, प्रोग्राम लिहून पोट भरणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाने नव्हे तर स्वतःच्या इच्छेने ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. माझे नाव सोबतच्या ओळखपत्रावर आहे. इथे पुन्हा लिहीत नाही, धंद्याची सवय.

१. तिसऱ्या मजल्यावरचा माझा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या दिवंगत ताईच्या मुलीला मिळावा. न्हाणीघरातला नळ गळतो. बँकेतली शिल्लक आणि माझी क्रिप्टो नाणीही तिचीच. नाण्यांचे परवलीचे शब्द लॉकरमध्ये बंद पाकिटात आहेत. तिने त्यांचा फोनवर फोटो काढू नये. ती काढेल, म्हणून लिहिले.

२. माझा जुना कीबोर्ड कलम तीनमधल्या प्रकल्पातल्या सहकाऱ्याला द्यावा. त्याला आम्ही सगळे कडक म्हणतो. माझ्या एडिटरमध्ये, म्हणजे मी कोड लिहितो त्या प्रोग्राममध्ये, काम करणे म्हणजे दगडाने दात घासणे, असे त्याने सर्वांसमक्ष लिहिले होते. मी ते विसरलेलो नाही. कीबोर्ड फार खडखडतो. त्याच्या बायकोची आधीच माफी मागतो.

३. आमचे वॉलेट, म्हणजे क्रिप्टो नाणी ठेवण्या-पाठवण्याचा प्रोग्राम, फुकट आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. तसाच राहावा. या चलनात कोणी कोणाला किती दिले ते बहुधा साऱ्या जगाला दिसते; आमचा प्रोग्राम ते झाकतो. "तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" असे विचारणाऱ्यांच्याही खिडक्यांना पडदे असतात. नव्या आवृत्तीवर सही करण्याची डिजिटल किल्लीही कडकलाच द्यावी. तो भांडखोर आहे, पण ती कोणा कंपनीला विकणार नाही.

४. हे लिहिताना मान वर होत नाही. झाकण्याचा तो सगळा भाग ताईने लिहिला. ती शाळेत गणित शिकवायची आणि प्रकल्पात 'भोचक' या टोपणनावाने काम करायची. खरे नाव कोणाला सांगायचे नाही, असे तिने मला बजावले होते. ती आजारी पडली, हाती घेतलेली पुढची सुधारणा अर्धवट राहिली, आणि ती गेली. प्रकल्पाच्या पानावर लोक लिहू लागले, "भोचक पळाला." "आम्हाला वाऱ्यावर सोडून गेला." मी गप्प राहिलो. ताईला शब्द दिलाय, असे स्वतःला सांगितले. पण भोचक आता हयात नाही, एवढे लिहायला तो शब्द कुठे आड येत होता? ती गेल्याचे कळल्यावर लोकांनी तिचे काम शोधून वाचले असते, आणि माझ्या वाट्याला काय उरते तेही पाहिले असते. पुढे एका परिषदेत त्याच भागाबद्दल माझ्यासाठी टाळ्या झाल्या. मी हात जोडून उभा राहिलो.

याखालचा परिच्छेद मी खोडला आहे. बाजूला सही केली आहे. माझ्यामागे कडकने खरे ते जाहीर करावे, असे त्यात होते. मसुदा भाचीला वाचायला दिला होता.

"आईला पळपुटी म्हणत होते, आणि तू नुसता वाचत बसलास, मामा?"

"उत्तर द्यायला हवं होतं."

"मग दे की! मेल्यावर कडककाकांना द्यायला लावतोयस. ते तरी कुठे कोवळे आहेत? तुझ्याच वयाचे!"

तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

"बहीण होती असं लिही. नाव नको. तेवढं तिचं तिच्याकडे राहू दे."

मी प्रकल्पाच्या पानावर लिहिले. भोचक पळाला नव्हता. ती माझी थोरली बहीण, आता हयात नाही. झाकण्याचे सगळे काम तिचे. थोड्या वेळाने कडकचा फोन आला.

"मग तू काय लिहिलंस रे?"

"बटणं. आणि रंग."

"बटणं बरी आहेत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

कलम दोन व तीन कायम आहेत. किल्ली घ्यायची की नाही, ते त्याने ठरवावे.

स्थळ: माझे राहते घर
दिनांक: ९ ऑक्टोबर, ताई गेल्याचे चौथे वर्ष
सही

आमच्यासमक्ष सही झाली:
१. खालच्या मजल्यावरचे घड्याळ दुरुस्त करणारे (सही)
२. ताईच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)